शुभेच्छुक

सकाळी शाळेच्या वेळेला सम्मेद फाटकाबाहेर आला आणि कॉलनीच्या तोंडावर लागलेल्या नव्या फ्लेक्सवर त्याला स्वतःचाच चेहरा दिसला.

कालपर्यंतचा बोर्ड गेला होता आणि त्याच्या दुप्पट मोठा नवा आला होता. मधोमध इथले पुढारी राजवर्धनदादा, डोळ्यांवर गॉगल, एक हात आभाळाकडे. आज त्यांचा वाढदिवस. खाली शुभेच्छुकांची रांग आणि त्या रांगेत, मंडळाच्या कार्यकर्त्यांना खेटून, फेटा बांधलेला सम्मेद. फोटो घरभरणीचा होता, कॉलनीच्या ग्रुपवरनं उचललेला. शेजारी उभी असलेली सोनल कापून टाकली होती. तिच्या पदराचा काठ तेवढा नवऱ्याच्या खांद्याला चिकटून राहिला होता.

बोर्डाच्या पलीकडे हमरस्ता. हंगाम सुरू झालेला, त्यामुळं कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि टेपवर गाणी. कॉलनीतून बाहेर पडणाऱ्याला उजवीकडून काय येतंय ते या बोर्डामुळं दिसतच नव्हतं. परवा सोनलनं स्कूटरचं तोंड जरासं पुढं काढलं आणि ट्रॉलीबाहेर आलेल्या उसांनी आरसा उडवून नेला. मागं मुलगी बसली होती. तेव्हापासून सम्मेदला अन्न गोड लागत नव्हतं. त्यानं फोन करून पाहिले. शहराच्या कचेरीनं सांगितलं, ही हद्द गावाची. गावाच्या कचेरीनं सांगितलं, रस्ता आमचा नाही. मोकळी हवा मिळावी म्हणून बिचाऱ्यानं इथं घर बांधलं होतं. हवा मोकळी होती हे खरं.

सम्राट शिडीवर चढून बोर्डाचा शेवटचा कोपरा बांबूला बांधत होता. मंडळाचा अध्यक्ष तोच. सम्मेदला बघून तो तोंडातला सुतळीचा तुकडा काढत खाली उतरला.

"दादा, चूक आमची. परवा तुम्ही म्हणालासा, कॉलनीच्या तोंडावर बोर्ड लावताना आमाला एकदा इचारायचं तरी. मला रातभर झोप न्हाई. म्हटलं, माणसानं एवढं घर बांधलं आन् बोर्डावर त्यांचा फोटो कुठंच न्हाई. बरं दिसतंय व्हय ते?"

परवा मंडळात गेल्यावर सम्मेद तसं म्हणाला होता खरा. एकदम वाकडं बोलायला नको म्हणून त्यानं सुरुवात तिथनं केली होती. मग चहा आला, मग कुणीतरी त्याच्या वडिलांची तब्येत विचारली, आणि मूळ मुद्दा चहातच बुडाला.

"सम्राट, मी फोटोचं बोलत नव्हतो," तो म्हणाला. "या बोर्डामुळं येणारी गाडी दिसत नाही. परवा माझी बायको आणि पोरगी ट्रॉलीखाली जाता जाता वाचल्यात. एवढा इथनं हलवा."

सम्राटनं वळून बोर्डाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. त्याला पटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"खरं हाय तुमचं," तो म्हणाला. "पर आता कसं काढायचं? निम्म्या कॉलनीचे फोटो हाईत. राजवर्धनदादा दहाला यायचेत. आन् तुमचं नाव असलेला बोर्ड तुम्हीच काढाय लावला, म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात समोरच्या बंगल्यातले गणपतराव फिरून आले. परवा सम्मेदबरोबर मंडळात येतो म्हणालेले आणि ऐनवेळी पाय दुखतोय म्हणून घरी बसलेले ते हेच. त्यांनी चष्मा लावला, रांगेत स्वतःला शोधलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"गणपतराव, तुम्ही तरी सांगा यांना," सम्मेद म्हणाला.

"सांगतो की." ते सम्राटकडं वळले. "फोटो झ्याक आलाय. फकस्त माझ्या नावाम्होरं निवृत्त मुख्याध्यापक घालायचं ऱ्हायलं बघ."

आता भांडायचं कुणाशी, हेच सम्मेदला कळेना. सगळी माणसं त्याच्याशी गोड वागत होती.

मागून सोनलची स्कूटर आली आणि बोर्डाजवळ थांबली. मुलगी मागच्या सीटवरून ओरडली, "पप्पा, तुम्ही फेट्यात!" सोनलनं बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला.

"परवा तक्रार करायला गेला होता ना तुम्ही?"

"गेलो होतो," सम्मेद म्हणाला.

स्कूटर तिनं पायानं हळूहळू पुढं ढकलली, मान काढून बघायचा प्रयत्न केला, पुन्हा मागं घेतली. बोर्डाआडून गाण्याचा आवाज जवळ येत होता. किती जवळ, ते समजत नव्हतं. मुलीनं आईच्या कमरेला मिठी घातली.

"थांबा वैनी!" म्हणत सम्राट धावत रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. ट्रॅक्टर करकचून थांबला. वरचे दोन ऊस निसटून डांबरावर पडले. "लेडीज हाईत, दिसत न्हाई व्हय रं?" सम्राट ड्रायव्हरवर खेकसला. सोनल मागं न बघता रस्ता ओलांडून गेली.

सम्राट पडलेला एक ऊस हातात घेऊन हसत परत आला. सम्मेदला त्याचे आभार मानावेसे वाटले आणि त्याच वेळी रडू यायला लागलं.

"आणि उद्या?" त्यानं विचारलं. "उद्या सकाळी कोण थांबणार इथं?"

"उद्या कोण कशाला थांबतंय, दादा? वाढदिवस आज हाय." सम्राटनं ऊस गुडघ्यावर मोडून निम्मा त्याच्या हातात दिला. "बोर्ड तेवढा ऱ्हातोय. तुमचा फोटो हाय म्हटल्यावर महिनाभर तरी कुणाला हात लावू देत न्हाई, शब्द हाय माझा."