तक्रार मागे घेण्याबाबत

वरच्या मजल्यावरच्या ट्रम्पेटवाल्याला पोलिसांनी उचलून नेलं. म्हणजे, तसं काही घडलंच नाही. नव्या सुरक्षा कायद्याखाली कोणाला धरलंय, हे न्यायाधीशालाही विचारता येत नाही.

दुपारची झोप मोडते म्हणून खालच्या शिंप्यानेच फोन केला होता, "वरून संशयास्पद आवाज येतात." आता वर चिडीचूप, तरी शिंप्याचा डोळ्याला डोळा लागेना. त्यात ट्रम्पेटवाल्याची बायको रोज विचारायची, "भावोजी, ह्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं हो?"

शेवटी तो कचेरीत गेला. "साहेब, तक्रार माझीच. मागे घेतो."

"तक्रारदार कोण, हे कायद्याने गुप्त असतं. तो तुम्हीच, हे कशावरून?"

शिंप्याने तिथेच अर्ज खरडला.



"तरी सदर चुगली मीच केल्याचा दाखला मिळावा, ही नम्र विनंती."