नव्वदावा फोन

लोकशाहीत जनतेचा आवाज सर्वश्रेष्ठ असतो. त्या दुपारी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या जनतेने भारतातल्या कॉल सेंटरमधून बोलणारा माझा आवाज ऐकताच एकोणनव्वद वेळा फोन आपटला. नव्वदावा फोन ब्याऐंशी वर्षांच्या डेल्मर लिंडक्विस्टांनी उचलला. “आजोबा, निवडणुकीची मतचाचणी आहे. तुमचं उत्तर चाळीस हजार मतदारांचं धरलं जाईल.” पलीकडे खुर्ची सरकली. “काय झालं?” “उभा राहिलो. एवढ्यांच्या वतीने बसून कसं बोलायचं?” मी राष्ट्राध्यक्षांच्या कामाबद्दल विचारलं. “नाराज.” “आणि विरोधकांवर?” “त्यांच्यावरही. थांब, समोर राहणारी बेट्टी त्यांच्याच पक्षाची आहे. तिला कशाला दुखवायचं? ‘थोडासा नाराज’ लिही.” शेजाऱ्याला इतकं जपणारं उत्तर मी संसदेतही ऐकलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या प्रश्नापर्यंत हेडफोन सावरत मीही नकळत उभा राहिलो होतो. “शेवटचा प्रश्न, आजोबा. सरकारकडे तुमची काही मागणी?” “बाळा, आता बसलो तर चालेल?”