पुडीचा कागद

अठ्ठावन्न साली मिशनचे प्रचारक शमुवेलराव राजीनामा टपालात टाकायला दर्यापूरच्या बाजारात आले. अकरा वर्षं गावोगाव येशूच्या गोष्टींची पत्रकं वाटूनही कोणी प्रभूकडे वळलं नव्हतं. वाटेत त्यांनी मैनाबाईकडून फुटाणे घेतले. पुडी त्यांच्याच पत्रकाची होती. “रद्दीवाल्यापाशी शेरानं भेटते,” मैनाबाई म्हणाली. “कागद मजबूत हाय.” शेजारी एक धनगर फुटाणे संपवून तसलंच पत्रक अडखळत वाचत होता. “बाई, याच्या पुढचा कागद दे,” तो म्हणाला. “एक मेंढरू हरवलं म्हून हा गडी बाकीची नव्व्याण्णव रानात सोडून गेला. मंग त्यायले राखलं कोनं?” शमुवेलरावांना अकरा वर्षांत कोणी प्रश्न विचारला नव्हता, आणि याचं उत्तर त्यांनाही येत नव्हतं. ते धनगराशेजारी बसले, दोघांसाठी फुटाणे मागितले आणि पुडी बांधायला मैनाबाईला खिशातला राजीनामा दिला.