हद्दीवरचा खड्डा

राष्ट्रीय महामार्ग खात्याने कारभार सुटसुटीत व्हावा म्हणून एका विभागाचे दोन केले आणि हद्दीचा दगड नेमका एका खड्ड्याच्या कडेला रोवला. अलीकडचे साहेब थोरले जावई, पलीकडचे धाकटे. म्हणजे सख्खे साडूच! थोरले म्हणत, "खड्डा तुमचा." धाकटे म्हणत, "दादा, तो सुरू तुमच्याकडे होतो, आमच्याकडे नुसता संपतो." दरवर्षी संयुक्त पाहणी व्हायची, चहा व्हायचा आणि खड्डा आणखी बाळसं धरायचा.

परवा त्याच खड्ड्यात सासूबाईंची स्कूटर आपटली आणि त्यांचा पाय मोडला. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने लेकीकडे ठेवा."

तोंडाने ठणठणीत असलेल्या सासूबाईंनी पलंगावरूनच निकाल दिला, "ज्याच्या हद्दीत पडले, त्याच्याच घरी राहणार. उद्या टेप लावून मोजा!"

थोरल्यांना दरदरून घाम फुटला. मागे त्या आठवडाभर राहिल्या, तेव्हा स्वतःच्या घरात पंखा लावायलाही त्यांना परवानगी काढावी लागली होती.

सकाळी दोघी बहिणी नवऱ्यांना घेऊन, टेप घेऊन रस्त्यावर पोचल्या. बघतात तर काय, खड्डा बुजलेला, वरून रोलर फिरवलेला आणि हद्दीचा दगडच गायब!

"कुणी केलं हे?" थोरलीने विचारलं.

थोरल्यांनी कानांवर हात ठेवले. एरवी दुसऱ्याच्या कामाचीही फीत कापायला धावणाऱ्या धाकट्यांनीही ठेवले.



मग दोघंही कडेच्या गवतात आपापल्या बुटांचं डांबर पुसू लागले.