तो आला की गप्प

धम्मदीप न सांगता आला, आणि तिथंच विमलताईचं बिनसलं.

भट्टी बसवून गेल्यापासून तो तीनदा आला होता, पण फोन करून. फोन आला की विमलताई पदर खोचून आधी भट्टीजवळचं आवरून घ्यायची आणि मग ओट्यावर येऊन बसायची. आज ती चण्याला हळद-मिठाचं पाणी चोळत होती, हात कोपरापर्यंत पिवळे, आणि त्याची गाडी थेट मागच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"फोन करता येत नाही तुले? का बोटं झिजतात?"

"आज जीव थाऱ्यावर नाही, मावशी," तो म्हणाला. "आर्णीचं काम चाललं माह्या हातातून. वामनराव म्हणतात, विमलताईच्या तोंडून ऐकीन, मंगच तुले भट्ट्या लावू देईन."

काम काहून चाललं, हे तिला सांगायची गरज नव्हती. दारव्ह्याच्या बाजारात फुटाण्याच्या टोपल्यामागे बसून तिनंच तोंड सोडलं होतं. त्या पोट्ट्यानं माझ्या डिझेलच्या भट्टीला जुना ट्रान्सफॉर्मर, ती ठिणगी पाडायची पेटी, नवा म्हणून बसवला. बटन दाबलं की ठिणगी पडायच्या आधी पेटी अशी चरचरते, जशी जाऊ जावेच्या नावानं. चार माणसं खो खो हसली होती. त्यात आर्णीत भट्ट्या लावून घेणारे वामनरावही होते. विमलताई दुसरीतून शाळा सोडलेली, पण बाजारात तिच्या शब्दाला वजन होतं, आणि त्या वजनाचा तिला गर्वही होता.

भट्टी बसवली त्या दिवशी याच धम्मदीपनं ज्वाळेकडे डोळे भरून पाहिलं होतं. "अशी भट्टी अख्ख्या तालुक्यात नाही, मावशी," म्हणाला होता. दुसऱ्याच दिवसापासून चरचर सुरू झाली. शनिवारी जोरात, गुरुवार येईतो जरा कमी. धम्मदीपनं ट्रान्सफॉर्मर काढून नेला, दुकानात दिवसभर चालवला. मुका. आणून लावला. मुका. त्याची पाठ फिरली की दुसऱ्या सकाळी पुन्हा चरचर.

"तू आला की गप्प, गेला की सुरू," ती मागच्या खेपेला म्हणाली होती. "भट्टी हाये का नवी सून?"

आज त्यानं बटन दाबलं आणि पेटी चरचरली. धम्मदीपचा चेहरा उजळला, हरवलेल्या वासराचं हंबरणं ऐकल्यासारखा. "बोलली! मावशी, बोलली एकदाची माह्यासमोर!" बटन बंद करून तो पेटीच्या मागच्या बाजूला वळला.

विमलताई आडवी आली.

"राहू दे आज. चणा भिजला हाये माहा."

"दोन मिनिटं, मावशी."

"तिकडं कोळिष्टकं हायेत. तू... तू च्या घे पहिले."

दारात उभी असलेली सून वैष्णवी पाहतच राहिली. सासूनं या माणसाला आपणहून चहा विचारलेला तिनं कधी ऐकला नव्हता. पण धम्मदीप टॉर्च तोंडात धरून केव्हाच भिंतीकडे घुसला होता. विमलताईचे पिवळे हात पदरात गेले. पदर पिवळा झाला तरी तिला भान नव्हतं.

तिथं तो वाकून काहीतरी सोडवत राहिला. मग मूठ बंद करून बाहेर आला, पुन्हा बटन दाबलं. पेटी गप्प. भट्टी भक्कन पेटली.

"काय होतं, दादा?" वैष्णवीनं विचारलं.

"काही नाही, वहिनी. एक तार टेकून राह्यली होती."

वैष्णवी चहा टाकायला आत गेली, तेव्हाच त्यानं मूठ उघडली. लिंबू, सात मिरच्या. भट्टीच्या धगीनं दोरा जळून जायचा, म्हणून तांब्याच्या तारेत ओवलेल्या. पेटीतून वीज बाहेर पडते त्या पांढऱ्या बोंडाला तार अडकवलेली होती, आणि ठिणगी जिथं जायची तिथं जायच्या आधी या ओल्या लिंबावर उडी मारत होती. शनिवारचं लिंबू ताजं, रसाचं. गुरुवारी सुकलेलं.

विमलताई लिंबाकडे पाहू शकेना आणि त्याच्याकडेही.

"मावशी," तो हळू आवाजात म्हणाला, "बटन बंद करूनच बांधता न हे? चालूत हात लागला तर माणूस जाते."

त्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिच्याजवळ उलट द्यायला दहा होत्या.  बाजारातलं हसू तिच्या कानात वाजत होतं, आणि या वेळी ते तिलाच हसत होतं.

धम्मदीपनं वामनरावांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. "तार ढिली होती म्हणून सांगा, बस," तो कुजबुजला. "बाकी कोणाले समजाची काही गरज नाही."

तार ढिली म्हणजे बसवणाऱ्याची चूक, एवढं तिला कळत होतं. त्यालाही कळत होतं.

"ताई, बोला," वामनरावांचा आवाज आला. "फसवलं न त्या पोट्ट्यानं तुम्हाले?"

वैष्णवी चहाचे कप घेऊन दारात आली होती. विमलताईनं तिच्याकडे पाहिलं, आवाज खाली केला नाही.

"सामान नवंच हाये त्याचं, वामनराव. मीच पेटीले लिंबू बांधलं होतं, तेच चरचरत होतं. याची नजर लागू नये म्हणून बांधलं होतं, आन् हा येणार म्हटलं की दर खेपी मीच सोडून लपवत होती."