काचेचं बदक

लायब्ररीवाली दारात दिसली तशी कंडक्टरकाकांनी सगळ्यांना डोळ्यांनीच दटावलं, आणि वर्गातले सहाच्या सहा जण आपापल्या काचेत मान घालून बसले. इतका गुणी वर्ग काचकाम शिकवणाऱ्या बाईंनी बारा वर्षांत पाहिला नव्हता. कोणालाही कळलं असतं की इथे काहीतरी शिजतंय. लायब्ररीवालीला कळलं नाही. तिने सरळ खुंटीवरचा एप्रन काढला आणि गळ्यात अडकवला.

"दोन महिन्यांनी उगवलीस गं!" बाई म्हणाल्या. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. माझा ट्रे कुठाय, बाई?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावला.

ट्रेची गोष्ट अशी. दोन महिन्यांपूर्वी लायब्ररीवालीचं पिवळं बदक एकतीस तुकड्यांत कापून, घासून, कडांना तांब्याची पट्टी लावून तयार होतं. आता फक्त सोल्डर वितळवून तुकडे एकमेकांना जोडायचे होते. पण सोल्डरिंग आयर्न हातात देण्याआधी बाई प्रत्येकीला एक प्रश्न हमखास विचारत, "काही गोड बातमी नाही ना?" सोल्डरमधलं शिसं पोटातल्या जीवाला वाईट. साठीच्या डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी हे विचारलं होतं आणि वर्ग आठवडाभर हसत होता. लायब्ररीवालीने मात्र मान खाली घातली. मग काय, काकांनी धावत जाऊन तिच्यासाठी गादीची खुर्ची आणली, बाईंनी आयर्न कपाटात कुलूपबंद केलं, आणि बदक कोणाच्या खिडकीसाठी चाललंय ते एकदाचं सगळ्यांना कळलं.

"ट्रे ना?" काकांना आता धीर धरवेना. "ट्रे रिकामा झाला!"

त्यांनी मागच्या फळीवरून बदक आणलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं. अख्खं, जोडलेलं, पुसून लख्ख केलेलं, मानेला लाल रिबीन बांधलेलं.

"सगळ्यांनी मिळून जोडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येकाने दहा-बारा जोड केले. तुझ्या बाळाला आमच्याकडून."

"चोच जरा किटलीसारखी दिसते," काका म्हणाले, "पण तो दोष तुझ्या चित्राचा. आमचा नाही."

सगळे हसले. लायब्ररीवाली बदकाकडे पाहत राहिली. तिचा हात एप्रनच्या नाडीवर तसाच राहिला होता.

"मी जोडायला आले होते," ती म्हणाली.

"जोडायला?" बाईंनी कमरेवर हात ठेवले. "अगं शहाणे, इतकं कानीकपाळी ओरडून सांगितलं ते विसरलीस? बाळ हातात येईपर्यंत या टेबलाकडे फिरकायचं नाही!"

"आता चालेल, बाई."

ती हे इतकं साधं बोलली की बाईंच्या ओठांवर पुढचं रागावणं आलेलं होतं, ते तिथेच राहिलं. काकांचं हसू सगळ्यात शेवटी विझलं. मग त्यांनी हात लांब करून बदकाच्या मानेची रिबीन काढली आणि खिशात कोंबली.

काच चुकीची तुटली तर काय करायचं, तडा गेला तर काय, तुकडा मोठा झाला तर काय, सगळ्याला बाईंकडे उत्तर असे. आता त्यांना साधी तिच्या पाठीवर हात ठेवायचीही हिंमत होईना.

"घरी सगळे म्हणतात, कशात तरी जीव रमव," लायब्ररीवाली सांगत होती, कोणी विचारलं नव्हतं तरी. "म्हटलं, हे एक काम अर्धं राहिलंय. हे तरी माझ्या हाताने पुरं होईल. बसलं तर चार-पाच शनिवार सहज जातील."

"मी उकलून देतो!" काका एकदम उठले. "पोरी, मी आत्ता उकलून देतो सगळं. पुन्हा सुटं करून देतो तुला."

"उकलताना काचा तडकतात, काका," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

काका पुन्हा खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

लायब्ररीवालीनेच मग बदक उचललं, पालथं केलं आणि शेपटीपाशी बोट ठेवलं. "इथे फट राहिलीये."

"ती माझीच," काका घाईघाईने म्हणाले. "माझीच असणार."

बाईंनी आयर्न तापत ठेवलं. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा नुसतंच ते तिच्या हातात दिलं. लायब्ररीवाली स्टुलावर बसली आणि वाकून सोल्डर सोडू लागली. हात स्थिर होता. सोल्डर फटीत सरकत गेलं, भरलं, गोल बसलं. वर्गात एवढा सुबक जोड अजून कोणाला जमला नव्हता. सगळं मिळून दोन मिनिटं लागली.

तिने आयर्न स्टँडवर ठेवलं आणि वर पाहिलं.

"अजून कुठे राहिलंय का, बाई?"

बाईंनी बदक खिडकीच्या उजेडात धरलं. मागचे दोन शनिवार त्यांनीच सगळ्यांच्या डोक्यावर बसून एकेक जोड तीन-तीनदा करून घेतला होता, बाळाच्या खिडकीत लागायचं म्हणून. आता त्या बोटाने एकेक जोड चाचपत होत्या, चोचीपासून पंखापर्यंत, पंखापासून शेपटीपर्यंत, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात विनवत होत्या, देवा, यांच्यातल्या एखाद्याने तरी काम वाईट केलेलं असू दे.