सुकाण्याची जबानी

विष्णुपंत सुप्याच्या फाट्यावर एसटीतून उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. दुष्काळी काम कुठं चाललंय हे कुणाला विचारावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेनं दीड-दोनशे माणसं खडी फोडत होती, आणि हातोड्यांचा आवाज फाट्यापर्यंत येत होता.

मुकादमानं बोट दाखवलं. गहिनीनाथ एका बाजूला दगड फोडत होता. शेजारी त्याची बायको मनकर्णा पाटीत खडी भरत होती. विष्णुपंतांनी आपलं नाव सांगितलं, संगमनेरला शाळेत मास्तर होतो म्हणाले. गहिनीनाथनं हातोडा खाली ठेवला, पण तो उठला नाही.

"तुम्ही जहाजावर होतात ना?"

"हुतो, गुरुजी. नऊ वर्सं."

त्यातली शेवटची चार वर्षं तो एका मालवाहू जहाजावर सुकाणी होता. जहाजाचं चाक त्याच्या हातात असे. मागच्या साली, म्हणजे बहात्तरच्या फेब्रुवारीत, पहाटेच्या धुक्यात त्याचं जहाज आणि नौदलाची एक युद्धनौका मुंबईबाहेर एकमेकांवर आदळली. नौदलाची चार माणसं गेली, पाण्यात पडलेली बाकीची वाचली.

समोरासमोर आलेल्या जहाजांनी आपापल्या उजवीकडं वळायचं असतं. गहिनीनाथ वळला होता. युद्धनौका मात्र डावीकडं वळून त्याच्या पुढ्यात आली. त्याच्या जहाजावर हे पाहणारा दुसरा माणूस म्हणजे शेजारी उभा असलेला मेट, पहाऱ्यावरचा अधिकारी. तो चौकशीआधीच परदेशी जहाजावर निघून गेला, आणि सगळा दोष सुकाण्यावर आला. परवाना गेला. गहिनीनाथ गावी परतला, आणि त्या वर्षी पाऊसच झाला नाही.

आता चौकशी पुन्हा उघडली होती. सोमवारी मुंबईला त्याची जबानी होती. जे पाहिलं ते सांगा, परवाना परत मिळेल, असं जहाजाच्या कंपनीच्या वकिलानं कळवलं होतं. ते पत्र मनकर्णेनं तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतलं होतं.

दुपारी खायला सुकडी वाटली तेव्हा तिघं बाभळीखाली बसले. मनकर्णेनं आपल्या वाट्याची सुकडी गुरुजींपुढं केली. त्यांनी चिमूटभर घेतली, पण ती हातातच राहिली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक फोटो काढला. त्यात पांढऱ्या गणवेशातला तरुण अधिकारी होता.

"हा माझा शामकांत," ते म्हणाले. "त्या पहाटे युद्धनौकेवर डावीकडं वळायचा हुकूम यानं दिला होता."

गहिनीनाथचे हात धुळीनं माखले होते. त्यानं फोटो हातात घेतला नाही, वाकून बराच वेळ पाहिला.

"गेला का हो?" मनकर्णेनं हळूच विचारलं.

विष्णुपंत समोरच्या दगडांच्या ढिगाकडं पाहत होते.

"हो," ते म्हणाले.

गहिनीनाथनं एकदा मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मनकर्णेनं पदर तोंडाला लावला. तिचा पहिला मुलगा गोवरानं गेला होता.

मग विष्णुपंत बोलत राहिले. शामकांतच्या आईनं अंथरूण धरलंय, ती कुणाशी बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं. चार माणसं त्याच्यामुळं मेली हे उद्या वर्तमानपत्रात छापून आलं तर ती जगणार नाही. बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण कुणापुढं हात पसरला नाही, असंही ते म्हणाले. शेवटी त्यांनी घडी घातलेला कागद पुढं केला. स्वच्छ वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं होतं की, धुक्यामुळं समोरचं जहाज कुठल्या बाजूला वळलं ते मला दिसलं नाही.

"दिसलं हुतं, गुरुजी," गहिनीनाथ म्हणाला.

"माहीत आहे मला."

मुकादमाची शिट्टी झाली. माणसं उठून पुन्हा दगडांकडं निघाली.

"कुनी धाडलं का तुमाला?"

"नाही. घरी कुणालाच ठाऊक नाही."

गहिनीनाथनं बायकोकडं पाहिलं. वर्षभर ती फक्त त्या परवान्याच्या आशेवर होती. मुंबईला जायला दोन दिवसांची सुटी तिनंच मुकादमाकडून मागून घेतली होती. ती खाली पाहत म्हणाली, "द्या सही. मेल्या लेकराला कशाला बोल लावायचा."

त्यानं हात धोतराला पुसले आणि सही केली. सही करताना बोटं आखडली होती, त्यामुळं नाव जरा वाकडं आलं.

तो विष्णुपंतांना फाट्यापर्यंत सोडायला गेला. वाटेत म्हातारा दोनदा अडखळला, तेव्हा त्यानं कोपराला धरून सावरलं. एसटी आली. विष्णुपंतांनी पायरीवर पाय ठेवला.

"घरच्यांना सांभाळा, गुरुजी," गहिनीनाथ म्हणाला.

संध्याकाळी दोघं घराकडं निघाले. पायांखाली फुफाटा होता. वाटेतल्या विहिरीवर रिकाम्या घागरींची रांग लागली होती. मनकर्णा शेजारून चालत होती. परवान्याचं ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली की, एकदा संगमनेरला जाऊन त्या माउलीला भेटून यावं. लेकरू गेल्याचं दुःख काय असतं ते आपल्याला ठाऊक हाय, तेवढाच तिला धीर.

"जाऊ नगंस," गहिनीनाथ म्हणाला.

"का?"

तो थांबला. खांद्यावरचा हातोडा त्यानं दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"त्यांचा शामकांत जित्ता हाय. त्या पहाटे मीच त्याला पान्यातनं वर वढलाय."